पश्चिमेची कोंबडी

आमच्या घरी कोंबड्या पाळायचं ठरलं, असं म्हणता येणार नाही. आमच्या घरी काही ठरत नाही, होऊन जातं. मुलांच्या शाळेच्या फाटकाशी एक माणूस सायकलला खोका बांधून येतो आणि रंगवलेली पिल्लं विकतो. जांभळी, हिरवी, नारिंगी, गुलाबी, पिवळी. मुक्या जिवांना रंगवणं बरं नव्हे, हे त्याला चार शब्दांत सुनवावं म्हणून मी गेलो. मी शेजारच्याच शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे चार शब्दांचे चाळीस करायची मला सवय आहे. माझं बोलणं संपेपर्यंत माझ्या मुलीने, म्हणजे आठ वर्षांच्या मिर्तीने, आणि पाच वर्षांच्या ओकाने पाच पिल्लं निवडून ठेवली होती.

मुलांनी फळांवरून नावं ठेवली. जांभळ्या पिल्लाचं नाव अंगूर. बाकीची नावं सांगत नाही, कारण त्यातली बरीचशी कथेत टिकणार नाहीत.

माझी बायको सुकेर्ती हिने खोक्यात डोकावून एकच प्रश्न विचारला, "ब्ली, ह्यांना ठेवणार कुठे?"

ब्ली म्हणजे दादा, आमच्या बेटावर बायका नवऱ्याला असंच म्हणतात. म्हणजे हा प्रश्न तिने मला विचारला, पण उत्तर भिंतीपलीकडून आलं. पलीकडे पेकाक मुनिंग, म्हणजे मुनिंग आजोबा, राहतात. वय सत्तरीच्या पुढे, दात चार, मतं मोजता येणार नाहीत इतकी. आयुष्यभर कोंबडे हाताळलेला माणूस. कोंबडीच्या पायाकडे बघून ती कुठल्या वाराला जन्मली हे ते सांगतात, आणि कोंबडी काही उलट बोलत नाही.

"न्योमान," भिंतीवरून डोकं काढून ते म्हणाले, "खुराडं बांधशील ते मापाने बांध. घर मालकाच्या अंगाच्या मापाने बांधतात ना? हाताच्या, पावलाच्या? मग खुराडं काय वेगळं आहे? मालक कोण?"

मी म्हणणार होतो, "मी." पण ओकाने हात वर केला होता, आणि पेकाकांनी तो तिथल्या तिथे धरून कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजूनही टाकला.

त्या मापाने मी तीन रविवार खपून खुराडं बांधलं. बांबू कापले, बोट कापलं, पुन्हा बांबू कापले. दिसायला छान झालं. फक्त त्याच्या दारातून माझं डोकं आत जाईना. आत काही करायचं तर ओकालाच पाठवावं लागे. तो एकदा खांद्यापर्यंत आत गेला आणि तिथेच राहिला. अर्धी आळी जमली. कोणी म्हणालं नारळाचं तेल लावा, कोणी म्हणालं त्याला हसवा म्हणजे अंग सैल पडेल. ओका आतून सांगत होता की त्याला काही घाई नाही. शेवटी मी मागची बाजू उपटली. पेकाक मुनिंग शांतपणे म्हणाले, "मापात चूक नव्हती. मालक वाढला."

दुसरी भानगड दिशेची. मी खुराडं फणसाच्या सावलीत ठेवलं होतं. ते अंगणाच्या डोंगराकडच्या बाजूला, घरच्या देवळाच्या भिंतीला लागून आलं. पेकाकांनी कपाळाला हात लावला. "डोंगराकडे देव आणि समुद्राकडे डुकरं-कोंबड्या, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू शाळेत शिकवतोस तरी काय?"

मी भूगोल शिकवतो हे त्यांना नीट माहीत होतं. खुराडं उचलून समुद्राच्या बाजूला नेलं. तिथे दुपारी ऊन येतं म्हणून वर छप्पर घातलं. छपरावर मांजर बसायला लागलं म्हणून जाळी आणली. तोवर पाचातली तीन पिल्लं उरली होती.

हळूहळू रंग उडाले. रंगाखाली कोण आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पिवळं पिल्लू मातकट निघालं, गुलाबी पिल्लाचा बांग देणारा कोंबडा झाला, आणि जांभळी अंगूर मात्र धुतलेल्या कापडासारखी पांढरी निघाली. चोच पांढरी, पाय पांढरे, कुठे ठिपका नाही. मिर्ती शाळेतून आली की ती फाटकापर्यंत धावत जाई. कोण कोणाच्या मागे धावतंय हे सांगणं अवघड असे.

मग गालुंगान आला, पूर्वज घरी येतात तो सण. सासूबाई चार दिवस राहायला आल्या आणि कोणाला काही न विचारता त्यांनी कोंबडा शिजवला. चव उत्तम होती, हे मी इथे कबूल करतो, घरी कधी केलं नाही. मिर्ती नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. आजीशी बोलत होती. अबोला माझ्याशीच, कारण मी दोनदा वाढून घेतलं होतं. दहाव्या दिवशी मी तिला देवळात घेऊन गेलो, पूर्वजांच्या समोर हात जोडले आणि म्हणालो, "अंगूरला कोणी हात लावणार नाही. ती म्हातारी होऊन मरेल."

मिर्तीने विचारलं, "आणि कोणी मागितली तर?"

"तरी नाही."

माणसाने हात जोडलेले असताना कमी बोलावं, हे मला त्यानंतर चार महिन्यांनी कळलं.

आमच्या आळीचा बंजार आहे, म्हणजे सव्वाशे घरांची पंचायत. लग्न, मरण, देऊळ, गटार, सगळं बंजार बघतो. मी त्याचा चिटणीस आहे. मला निवडलं ते अक्षर चांगलं म्हणून. बाकी माझ्यात काही असेल असं कोणी म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही.

न्येपीच्या आधी बैठक झाली. न्येपी म्हणजे आमचा वर्षारंभ, सगळ्या बेटाने गप्प बसायचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी चौकात पाच रंगांच्या पाच कोंबड्यांचा बळी असतो. पांढरी पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, काळी उत्तरेला, आणि मधोमध सगळ्या रंगांची मिसळ. आता पिवळी म्हणजे काही पिवळ्या पिसांची नव्हे. अंगाने पांढरीच, पण चोच आणि पाय पिवळेधमक हवेत. त्या आठवड्यात बेटावरचा प्रत्येक बंजार ह्याच पाच कोंबड्यांच्या मागे असतो, त्यामुळे बाजारात माणसं कोंबड्या उलट्या धरून एकमेकांचे पाय बघत असतात. कोंबड्यांचे, म्हणजे.

बंजारचे प्रमुख पाक विंद्रा यादी वाचत होते आणि मी लिहीत होतो. "लाल आहे. काळी आहे. मिसळ आहे. पिवळी नाही. पांढरी..." ते थांबले. सगळ्यांनी आधी छताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मास्तर, तुमच्याकडे एक पांढरी आहे असं ऐकलं."

ऐकलं कसलं! अंगूर महिनाभर त्यांच्या मोटरसायकलच्या सीटवर बसत होती.

मी 'नाही' म्हणू शकलो असतो. पण माझ्या वडिलांच्या दहनाच्या वेळी हीच माणसं तीन दिवस आमच्या अंगणात राबली होती. पाक विंद्रांनी स्वतःच्या हाताने बांबू चिरले होते. त्यांच्यासमोर बसून 'कोंबडी देत नाही' म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "पेकाकांनी एकदा बघावी. पांढरी म्हणजे सगळी पांढरी लागते. पाय, चोच, सगळं."

"बरोबर," पेकाक मुनिंग म्हणाले. "उद्या सकाळी येतो."

मी वहीत लिहिलं, 'पांढरी: पाहणी करून ठरवणे.' अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

घरी येताना मला युक्ती सुचली. पांढरी म्हणजे सगळी पांढरी ना? मग ती सगळी पांढरी नसली की झालं. खोटं बोलायचं नाही, नाही म्हणायचं नाही, कोणाचं मन दुखवायचं नाही. सकाळी मिर्ती शाळेत गेल्यावर मी सुकेर्तीच्या खलात मूठभर ओली हळद ठेचली, घमेल्यात पाणी घालून कालवली आणि ओकाला अंगूर धरायला सांगितलं. ओकाला त्या दिवशी बारीक ताप होता म्हणून तो घरीच होता, आणि त्याच्या निमित्ताने मीही. अंगूर घमेल्यात पाय बुडवून स्वस्थ उभी राहिली. चोचीला मी बोटाने हळद चोळली तेव्हा तिने जरा नाराजीने माझ्याकडे बघितलं, एवढंच. पाऊण तासात पाय असे पिवळे झाले की मला माझाच अभिमान वाटला.

"हे कोणाला सांगायचं नाही," मी ओकाला बजावलं.

"आईला?"

"आईला पण नाही."

"अंगूरला?"

"तिला माहीत आहे."

पेकाक मुनिंग आठ वाजता आले. अंगूरला उचललं, काखेत धरलं, पाय हातात घेतले. मग दुसऱ्या हाताने चश्मा चढवला. मी चेहरा पाडून म्हणालो, "काय करणार पेकाक, पाय पिवळे निघाले. पांढरीत बसत नाही. वाईट वाटतं."

पेकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"न्योमान," ते म्हणाले, "तीन आठवडे मी बाजार पालथे घालतोय. अरे, पांढरी कशाला? पांढरी तासाभरापूर्वी विंद्राच्या मेहुणीने आणून दिली. ही पश्चिमेची आहे! भिंतीपलीकडे पश्चिम नांदत होती आणि मी म्हातारा गावभर फिरत होतो!" आणि त्यांनी मला मिठी मारली. अंगूर मध्ये होती.

मी तोंड उघडलं. पण इतक्या आनंदलेल्या म्हाताऱ्याला काय सांगायचं? ते भिंतीवरून ओरडून तीन घरांना बातमी देऊन मोकळेही झाले होते.

दुपारी मिर्ती शाळेतून आली. तिला बातमी फाटकाबाहेरच कळली होती. ती आत आली, दप्तर ठेवलं, अंगूरला मांडीवर घेतलं. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बापा, तू हात जोडले होतेस," ती म्हणाली.

मला फार लाज वाटली. मी तिला हळदीचं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग धुऊन टाक."

हळद धुऊन जाते असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यात कधी स्वतःचा सदरा धुतलेला नाही. मी साबण लावला, तेल लावलं, लिंबू चोळलं. पाय पिवळेच. मग माझी नजर सासूबाई विसरून गेलेल्या पानाच्या डब्यावर पडली. त्यात चुना होता. भिंती पांढऱ्या करायला चुना चालतो, तर पायांनी काय घोडं मारलंय? मी दोन्ही पायांना चांगला जाड चुना लिंपला. चोचीलाही लावणार होतो, पण अंगूरने ह्या वेळी बोट फोडलं.

हळदीला चुना लागला की काय होतं हे जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक आहे. मला ठाऊक होता तो भूगोल. पाय बघता बघता कुंकवासारखे लालभडक झाले.

सुकेर्ती बाहेर आली. तिने कोंबडी बघितली, घमेलं बघितलं, माझी बोटं बघितली. "माझा खल कुठे आहे?" एवढंच विचारलं आणि आत गेली. बावीस वर्षं भूगोल शिकवून मिळवलेली थोडीफार प्रतिष्ठा तिच्या पाठोपाठ आत गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सुट्टीच्या सकाळी पाक विंद्रा आणि पेकाक मुनिंग अंगूरला बघायला आले. पेकाकांनी पाय हातात घेतले आणि ते पायरीवर खालीच बसले.

"काल पश्चिम होती," ते कसेबसे म्हणाले.

"आणि आज?" पाक विंद्रांनी विचारलं.

"आज... दक्षिणेकडे सरकलीय. पण पिसं पांढरी, चोच पिवळी. विंद्रा, पंचावन्न वर्षांत अशी कोंबडी पाहिली नाही."

पाक विंद्रा माझ्याकडे वळले. "मास्तर, पश्चिम आणि दक्षिण ह्यांच्यामध्ये काय येतं?"

"नैऋत्य," मी म्हणालो. भूगोलाचा प्रश्न आला की मला उत्तर द्यावंच लागतं.

दहा मिनिटांत अंगण भरलं. नैऋत्येची कोंबडी बघायला लोक मुलं कडेवर घेऊन आले. कोणी म्हणालं शुभ आहे, कोणी म्हणालं समुद्र खवळणार. एका बाईने अंगूरपुढे फुलं ठेवली, अंगूरने ती खाल्ली. शेवटी देवळाच्या पुजाऱ्यांना, जेरो मांकूंना बोलावलं. बारीक, शांत माणूस. ते उकिडवे बसले, अंगूरच्या पायाला नाक लावलं आणि म्हणाले, "हळद."

"आणि आजीचा चुना!" ओका ओरडला. एक अख्खा दिवस त्याने गुपित पोटात ठेवलं होतं. त्याच्या मानाने तो फारच झाला.

मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. शपथ, हळद, चुना, सगळं. पेकाक मुनिंगांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हातारा फसला होता, आणि फसवलं होतं मी, ज्याला त्याने मिठी मारली होती. ते मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

"मास्तर," पाक विंद्रा म्हणाले, "नाही देत म्हणायचं होतंत. एक शब्द."

"तुम्ही माझ्या वडिलांसाठी..."

"तुमचे वडील होते म्हणून केलं. कोंबडीसाठी केलं होतं काय?"

जेरो मांकूंनी मिर्तीला जवळ बोलावलं. "कोंबडी तुझी?"

"हो."

"पुढच्या जन्मी ती माणूस व्हावी म्हणून आम्ही मंत्र म्हणतो. ते तुला माहीत आहे. देशील?"

मिर्तीने अंगूरला घट्ट धरलं. इतकी माणसं बघत होती. मला वाटलं ती हो म्हणेल, माझ्यासारखीच, भिडेपोटी.

"नाही," ती म्हणाली. "हिला नाही."

"मग नाही," जेरो मांकू उठत म्हणाले. "मन मागे राहिलं आणि नुसती कोंबडी पुढे आली, तर त्याला देणं म्हणत नाहीत. लिहा, मास्तर."

मी वही आणली आणि माझ्याच चांगल्या अक्षरात लिहिलं की चिटणिसाने कोंबडी रंगवली, सबब दोन दिवसांत पश्चिमेची खरी कोंबडी चिटणिसाने स्वतः शोधून आणावी.

रविवारी स्कूटरवर मागे मिर्ती आणि तिच्या मांडीवर रिकामी टोपली, असे आम्ही निघालो. तिनेच येते म्हटलं. पहिल्या गावात एका अंगणात हवी तशी कोंबडी होती, पण मिर्तीने मालकाला विचारलं, "हिचं नाव काय?" तो हसून म्हणाला, "सेनापती." मिर्ती परत स्कूटरवर जाऊन बसली. दुसऱ्या घरच्या कोंबडीला नाव होतं, तिसऱ्या घरच्या कोंबडीला तर दोन होती. कोंबड्यांना नावं ठेवण्याचं वेड फक्त आमच्या घरी आहे असा माझा इतके दिवस समज होता.

उन्हं कलताना वर डोंगराकडच्या एका वाडीत एक म्हातारी भेटली. तिची कोंबडी बघून मला हळदीच्या घमेल्याचीच आठवण झाली, इतके पाय पिवळे. मिर्तीने विचारलं. म्हातारी म्हणाली, "नाव? कोंबडीला कसलं आलंय नाव? ये म्हटलं की येते. न्यायची तर ने, बाळ, देवाच्या कामाला आहे ना?" मिर्तीने होकाराची मान हलवली.

परत येताना मागून सारखी कुजबुज ऐकू येत होती. मग मिर्ती म्हणाली, "बापा, हळू चालव."

"काय सांगतेस तिला?"

"नाव ठेवलं तिचं."

मी स्कूटर थांबवली. "अगं, नाव नाही म्हणून तर हिला आणलं."

"हो, पण ती पुढच्या जन्मी माणूस होणार ना? मग शाळेत जाईल. तुझ्यासारखे मास्तर हजेरी घेतील. नाव नको?"

"काय ठेवलंस?"

"तिला सांगितलंय," मिर्ती म्हणाली. "तुला नाही सांगणार."

घरापर्यंत मी स्कूटर इतकी हळू चालवली की दोन सायकली पुढे गेल्या. आळीत शिरल्यावर पेकाक मुनिंगांनी टोपलीत डोकावून पाय अंगठ्याने तीनदा घासून बघितले, अंगठा चाटला आणि मगच मान डोलावली. माझ्याशी अजून बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकात पाचही दिशा भरल्या. मिर्ती माझ्या शेजारी हात जोडून उभी होती आणि पश्चिमेकडे बघत होती. तिचे ओठ एकदाच हलले. वहीत 'कोणी दिली' असा रकाना असतो. पश्चिमेपुढे मी मिर्तीचं पूर्ण नाव लिहिलं, 'पुतु मिर्ती'.

आणि मग न्येपी उजाडली. त्या दिवशी चूल नाही, दिवा नाही, काम नाही, बाहेर पाऊल टाकणं नाही, आवाज नाही. बंजारचे राखणदार काळ्यापांढऱ्या चौकड्यांची वस्त्रं नेसून आळीतून अनवाणी फिरतात, आणि ज्या घरातून आवाज आला त्याची बंजारच्या वहीत नोंद होते. सगळं बेट इतकं गप्प की फणसाचं पान पडलेलं ऐकू यावं. आम्ही चौघं ओसरीवर बसलो होतो. चुन्याच्या दिवसापासून अंगूरने अंडं घातलं नव्हतं, आणि त्याबद्दल घरात कोणी मला काही बोलत नव्हतं, म्हणजे सगळे बोलतच होते.

साडेदहाच्या सुमाराला तिने ते घातलं. घातलं आणि खुराड्याच्या त्या वीतभर दारातून बाहेर येऊन, मान उंच करून, सव्वाशे घरांना कळवलं. एकदा नाही, चांगली पंधरा मिनिटं. मिर्तीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. फाटकाशी राखणदारांची पावलं थांबली. भिंतीपलीकडे पेकाक मुनिंगांना मोठा खोकला आला, आणि तो हसण्याचा होता हे मला भिंतीतूनही कळलं.

नोंदीची वही माझ्या कपाटात होती. ती मी दुसऱ्या दिवशीही काढली नाही.